बासष्टावी चौकट

जळगावात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. खाली औषधांचा वास, वर कूलरमधल्या वाळ्याचा. आम्ही पाच जणं वेबसाइट बनवतो. कापसाच्या जिनिंगवाल्यांच्या, केळीच्या व्यापाऱ्यांच्या, शाळांच्या, मंगल कार्यालयांच्या. माझ्या वाट्याला बहुतेक वेळा दुसऱ्यांनी अर्धवट सोडलेलं काम येतं, आणि मला ते आवडतंही. बिघडलेल्या गोष्टीला काहीतरी कारण असतं, शोधलं की सापडतं. बारा वर्षांत ते सापडलं नाही असं एकदाच झालं.

एप्रिलमध्ये जामनेरहून तोताराम नाना आले. निवृत्त शिक्षक, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. त्यांचं मूळ गाव खिरोळे. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी ते धरणात गेलं आणि गावाची चार ठिकाणी पांगापांग झाली. काही घरं जामनेरला गेली, काही वरणगावला, व्यापार करणारी दोंडाईच्याला आणि मुसलमानांची सात घरं धुळ्याला. चारही ठिकाणच्या मंडळींनी गेल्या काही वर्षांत आपापलं एकेक पान इंटरनेटवर चढवलं होतं. कुणाच्या पुतण्याने, कुणाच्या मुलाने, जसं जमेल तसं. आता मे महिन्यात जामनेरला सगळ्या गावाचा मेळावा भरायचा होता. पांगल्यापासून पहिल्यांदाच. तोवर चार पानांचं एक पान करून द्यायचं, एवढंच काम.

ते काम म्हणजे काय, हे सांगितलं नाही तर पुढचं कळणार नाही. वेबसाइटचा मजकूर एका फाइलमध्ये असतो आणि तो दिसावा कसा हे दुसऱ्या फाइलमध्ये. अक्षर केवढं, रंग कोणता, कुठली चौकट कुठे. या दुसऱ्या फाइलला आम्ही सीएसएस म्हणतो. फाइली अनेक असल्या की त्या एकामागे एक लावून त्यांचा एकच गठ्ठा बांधतात. गठ्ठ्याचा कायदा सोपा असतो. दोघींचं पटलं नाही तर मागून येणारीचं चालतं. त्यामुळे वेगवेगळ्या हातांनी लिहिलेल्या फाइली एकत्र आल्या की पान विस्कटतं, आणि मग बसून एकेक गाठ सोडवावी लागते.

मी चारही फाइली घेतल्या. आधी जामनेर, मग वरणगाव, मग दोंडाईचा, शेवटी धुळे. नानांनी कागदावर गावं ज्या क्रमाने लिहून दिली होती त्याच क्रमाने. चारही याद्यांतली मिळून एकसष्ट कुटुंबांची नावं झाली. गठ्ठा बांधला आणि पान उघडलं.

पान विस्कटलेलं होतं. त्यात नवल काही नव्हतं. नावांची यादी सरळ खाली उतरायच्या ऐवजी चौकटी पानभर विखुरल्या होत्या, आणि पान एवढं रुंद झालं होतं की ते दोन्हीकडे सरकवून पाहावं लागत होतं. काही चौकटी एकमेकींना चिकटून, काही दूर. मधून एक वाकडी मोकळी पट्टी गेलेली. उजवीकडे खाली एक बारीकसा ठिपका होता. मला वाटलं धूळ असेल. मी ओढणीने स्क्रीन पुसली.

दुसऱ्या दिवशी नाना आले तेव्हा काम का लांबतंय हे समजावं म्हणून मी त्यांना ते पान दाखवलं. चार ठिकाणच्या फाइली आहेत नाना, अजून त्यांचं एकमेकींशी जमत नाही, असं मी सांगत होते. ते ऐकत नव्हते. चष्मा काढून त्यांनी सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला. खुर्ची पुढे ओढली. मग त्यांनी त्या वाकड्या मोकळ्या पट्टीवर बोट ठेवलं.

"ही आमची गल्ली," ते म्हणाले.

मी म्हटलं, नाना, हा बिघाड आहे.

"हे कौतिक अण्णाचं घर. हे आमचं. हा पार, इथे घर नव्हतंच, बघ, तू पण जागा सोडली आहे. इथून उतार, खाली नाला." त्यांचं बोट एकदाही चुकत नव्हतं. "तुला नकाशा कुणी दिला?"

मला कुणीच नकाशा दिला नव्हता. नकाशा कुणाकडे नव्हताच. गाव उठताना सरकारी मोजणीचे कागद झाले असतील, पण नानांनी दहा वर्षं खेटे घालूनही ते त्यांच्या हाती लागले नव्हते. ते तासभर बसले. एकसष्टच्या एकसष्ट चौकटी जागच्या जागी होत्या. निघताना त्यांनी पायातली चप्पल मधेच कधीतरी काढून खुर्चीखाली सरकवली होती हे माझ्या लक्षात आलं. आमच्या ऑफिसात कुणी चप्पल काढत नाही.

पुढचे चार दिवस मी कारण शोधलं. आधी फाइलींचा क्रम बदलून पाहिला. चार फाइली चोवीस प्रकारे लावता येतात. तेवीस प्रकारांत नुसता गोंधळ झाला, साधा, ओळखीचा, आमच्या धंद्यातला गोंधळ. फक्त पहिल्या क्रमाने गाव उभं राहत होतं. नानांना फोन करून विचारलं, गावांची नावं तुम्ही याच क्रमाने का लिहिली? ते म्हणाले, मुद्दाम नाही, पण लोक याच क्रमाने उठले. आधी जामनेरच्या गाड्या भरल्या. धुळ्याची सगळ्यात शेवटी.

मग मी एकेक फाइल काढून पाहिली. कुठलीही एक काढली की चौकटी निमूटपणे एकाखाली एक येत, साधी यादी होई.

फाइली लिहिणाऱ्यांना फोन केले. वरणगावचा हितेंद्र म्हणाला, मॅडम, मी एका लग्नपत्रिकेच्या साइटवरून उचललं होतं, खोटं कशाला बोलू. धुळ्याची फाइल तौफिकने केली होती. त्याचं धुळ्यात पाचकंदील चौकाजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने व्हिडिओ बघून शिकत शिकत लिहिली होती. चौघांचाही जन्म गाव बुडाल्यानंतरचा. चौघांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. मी त्यांच्या फाइली ओळीओळीने वाचल्या. एकेकटी ओळ पाहिली तर प्रत्येक साधी होती. डावीकडून एवढं अंतर, वरून एवढं, रुंदी एवढी. त्या ओळी तिथे का आहेत हे मात्र चौघांपैकी कुणालाही सांगता येईना.

त्याच वाचनात मला तो ठिपका सापडला. ती धूळ नव्हती. पान मोठं करून पाहिलं तर ती एक चौकट होती. बारा पिक्सेल लांब, सहा रुंद. पिक्सेल म्हणजे स्क्रीनवरचा सर्वांत लहान ठिपका. नावं एकसष्ट होती आणि चौकटी बासष्ट.

पानावर मजकूर नसला तरी रिकामी चौकट काढण्याची सोय सीएसएसमध्ये असते. त्यासाठी चार-पाच गोष्टी सांगाव्या लागतात. या चौकटीची डावी बाजू जामनेरच्या फाइलमध्ये होती, वरची वरणगावच्या, लांबी दोंडाईच्याच्या आणि रुंदी धुळ्याच्या. एकीतही ती पुरी नव्हती. चौघी एकत्र आल्या तेव्हाच ती झाली.

त्या दुपारी मी कूलर बंद करून खिडकी उघडली. बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन होतं. रस्त्यावरचा आवाज ऐकत थोडा वेळ उभी राहिले. भीती वाटली असं म्हणणार नाही. लहानपणी अब्बांनी पाटणादेवीजवळ उघड्यावर चांदण्यांनी भरलेलं आभाळ पहिल्यांदा दाखवलं होतं, तेव्हा छातीत जसं झालं होतं तसं झालं.

नानांना मी ती चौकट दाखवली. ती जागा कुंदाबाईच्या परसाची, असं ते म्हणाले. कुंदाबाई म्हणजे गावची सुईण. आता ऐंशीची आहे, जामनेरला मुलाकडे, हेमराजकडे असते आणि मुलालाही ओळखत नाही. तिच्या परसात हिवराचं झाड होतं, दुसरं काही नव्हतं. घर तर नाहीच. नानांना वाटत होतं की ती काढून टाकावी. मेळाव्यात उगाच कुणी तरी म्हणेल, ही आमची जागा, आणि भांडण लागेल. मी काढून पाहिली. चारांपैकी एका फाइलमधली एक ओळ पुसली आणि सगळं गाव कोसळून साधी यादी झाली. ओळ परत लिहिली, गाव परत आलं. नाना माझ्या शेजारी उभे राहून बघत होते.

"राहू दे," ते म्हणाले.

पानाची लिंक चारही ठिकाणी पाहायला पाठवली होती. दोन दिवसांनी तौफिकचा फोन आला. त्याच्या अम्मीला माझ्याशी बोलायचं होतं. तिचं नाव जुबेदा. तिने मला एवढंच विचारलं की ती छोटी चौकट कुणी काढायला सांगितली. कुणीच नाही खाला, असं मी म्हटलं. मग तिने विचारलं, पाणी किती उतरलंय. मी म्हटलं, यंदा खूप उतरलंय, देवळाचं जोतं उघडं पडलंय म्हणतात. मला तिकडे घेऊन चल, ती म्हणाली. तौफिक नको, नाना नको, तू एकटी.

मी तिला जळगाव स्टँडवर उतरवून घेतलं. सासष्ट वर्षांची, बारकी, काळा बुरखा, हातात पाण्याची बाटली आणि पिशवीत छोटं खुरपं. ऑफिसातल्या मुलीची कार मी मागून घेतली होती. वाटेत जुबेदा खाला आमच्या घरच्या हिंदीत बोलत होती, मधूनच खिरोळ्याची बोली येत होती. नेरी गाव मागे पडल्यावर तिने सांगायला सुरुवात केली. माझ्याकडे बघत नव्हती, समोरच्या काचेतून बाहेर बघत होती.

तेव्हा ती बावीस वर्षांची होती. पहिली खेप. गाव जवळजवळ रिकामं झालेलं, नाल्यावर पाणी चढलेलं, धुळ्याच्या सात घरांसाठी ट्रक दुसऱ्या दिवशी यायचा होता. दिवस भरायला अजून महिना होता, पण पहाटे कळा सुरू झाल्या. कुंदाबाईचं कुटुंब जामनेरला गेलं होतं, ती मात्र जुबेदासाठी ट्रक येईपर्यंत मागे थांबली होती. मुलगी झाली. एकदा रडली. मोठ्याने रडली, असं जुबेदा खालाने दोनदा सांगितलं. मग थांबली.

कबरस्तान नाल्यापलीकडे होतं. तिथे जाता येत नव्हतं. सत्तार, म्हणजे तिचा नवरा, आणि कुंदाबाई या दोघांनी मुलीला कुंदाबाईच्या परसात, हिवराखाली पुरलं. सत्तारने दुआ म्हटली. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून कुंदाबाईने आपल्या जात्याचा वरचा दगड आणून वर ठेवला. सासू म्हणाली, कबरस्तानाबाहेर पुरलं हे कुणाला सांगायचं नाही, बिरादरीत तोंड दाखवता येणार नाही. दुसऱ्या दिवशी ट्रक आला. पंधरा दिवसांत पाणी चढलं. त्यानंतर तीन मुलं झाली, तौफिक शेवटचा. त्यांना हे माहीत नव्हतं. सत्तार सहा वर्षांपूर्वी गेला.

"जागा ठाऊक असलेले आम्ही तिघं," ती म्हणाली. "एक मेला, एक भुलली, एक मी. तू सांग, चौथं कोण?"

मी गाडी कच्च्या रस्त्याला वळवली.

धरणाच्या भिंतीपासून लांब, वरच्या अंगाने आम्ही उतरलो. सकाळचे अकरा वाजले असतील. पाणी मैलभर मागे हटलं होतं आणि उरलेल्या गाळाला भेगा पडल्या होत्या, एकेक भेग हात आत जाईल एवढी. शिंपल्यांचा चुरा पायाखाली वाजत होता. काठावर बगळे होते. माणूस नव्हतं. देवळाचं जोतं दिसत होतं, दगडी, करड्या गाळाने माखलेलं, आणि तिथून काही अंतरावर विहिरीचं तोंड.

मी पानाची छापील प्रत आणली होती, देऊळ आणि विहीर यांच्या मोकळ्या जागा नानांनी आधीच त्यावर पेनाने खुणावलेल्या. पानावर जोत्यापासून विहीर चौदाशे पिक्सेल होती. मी चालत मोजलं. माझी पावलं एकशे सव्वीस भरली. जुबेदा खाला म्हणाली, थांब. तिने चपला काढल्या आणि जोत्यापासून ती चालत निघाली, मान खाली, ओठ हलत. विहिरीच्या दगडाला तिचा अंगठा लागला तेव्हा मी मोजत होते ते एकशे चाळीस झाले होते.

दहा पिक्सेल म्हणजे एक पाऊल, तिचं.

छोट्या चौकटीची पिक्सेलमधली अंतरं मी घरूनच काढून आणली होती, आता त्यांना दहाने भागलं. जोत्यापासून पूर्वेला दोनशे बारा पावलं, तिथून दक्षिणेला शहाण्णव. जोत्यापाशी परतून मी फोनमधल्या होकायंत्रावर दिशा धरली. ती चालू लागली. मी मागे. दोघी मोजत होतो, ती मनात, मी हळू आवाजात. वारा होता, तो पडला. बगळे उडाले नाहीत, नुसते माना वळवून बघत राहिले.

दोनशे बारा. ती वळली.

पन्नासच्या पुढे गाळ मऊ झाला. तिचे पाय घोट्यापर्यंत जाऊ लागले. मी हात पुढे केला, तिने धरला नाही. पावलांची लांबी तिने बदलू दिली नाही.

चौऱ्याण्णव. पंच्याण्णव. शहाण्णव.

तिथे काहीच नव्हतं. सपाट भेगाळलेला गाळ.

तिने खाली बसून खुरपं काढलं. मी म्हटलं, मी खणते. तिने मान हलवली. हाताच्या कोपरापर्यंत खणलं असेल, तेव्हा खुरपं वाजलं.

आम्ही दोघींनी हातांनी गाळ बाजूला केला. गोल दगड, मध्ये भोक, कडेला खुंट्यासाठी खाच. टाकीचे घाव अजून धारदार होते. शेजारी हिवराचं काळं पडलेलं मूळ.

जुबेदा खालाने दोन्ही तळवे दगडावर ठेवले. रडली नाही. झोपलेल्या मुलाच्या पाठीवर ठेवतात तसे ठेवले. मग हात उचलून तिने फातिहा म्हटला, मीही तिच्यासोबत म्हटला. बाटलीतलं पाणी तिने दगडावर ओतलं. ते मधल्या भोकातून खाली गेलं. किती तरी वेळ खाली जाताना ऐकू येत होतं.

"नाव ठेवायचं राहून गेलं होतं," ती म्हणाली. "सकाळची झाली होती, सुबहची. सबीहा लिही."

आम्ही दगड पुन्हा गाळाने झाकला. परतताना गाडीत तिने दोन गोष्टी सांगितल्या. तौफिकला ती स्वतः सांगेल. आणि नाव पानावर असू दे, सगळ्यांना दिसेल असं. बिरादरीचं काय, असं मी विचारलं नाही.

मी नाव टाकलं. चौकट एवढीशी होती की त्यात अक्षरं मावेनात, म्हणून तिच्या शेजारी लिहिलं. गठ्ठा पुन्हा बांधला. गाव होतं तसंच राहिलं.

मेळावा मेच्या शेवटच्या रविवारी झाला, जामनेरच्या एका मंगल कार्यालयात. चारशे माणसं आली. वांग्याचं भरीत, कळण्याच्या भाकरी, मठ्ठा. भिंतीवर मोठा पडदा लावून त्यावर पान दाखवलं होतं. लोक पडद्याजवळ जाऊन आपलं घर शोधत, तिथे बोट ठेवत आणि मग बाजूला होत. दोंडाईच्याचे आणि जामनेरचे दोन म्हातारे, ज्यांचं बांधावरून भांडण होतं असं नानांनी मला सांगितलं होतं, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना बोटं ठेवून उभे होते. सबीहाचं नाव लोकांनी वाचलं. तौफिक आईच्या मागे उभा होता. कुणी काही विचारलं नाही. धुळ्याच्या एका आजोबांनी टोपी सरळ केली आणि दुआसाठी हात उचलले, तेव्हा नानांनीही हात जोडले.

जेवणं होत आली तेव्हा हेमराज कुंदाबाईला घेऊन आला. उशीर झाला म्हणून त्याने नानांची माफी मागितली. ती नऊवारीत, कंबरेत वाकलेली, डोळे धूसर. तिच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते. हेमराजने मला सांगितलं की गाव सुटल्यापासून आई कानांत कापूस घालते, झोपतानाही. जळगावला, नाशिकला, सगळ्या डॉक्टरांना दाखवलं. कान चांगले आहेत म्हणतात. काढायला गेलं तर मारायला उठते.

जुबेदा खाला उठून तिच्याजवळ गेली आणि तिने तिचे हात धरले. कुंदाबाईने तिला ओळखलं नाही. ती तिच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होती.

मग हात सोडवून ती पडद्यापाशी गेली. गल्ली नाही, पार नाही, स्वतःचं घरही नाही. तिचं बोट सरळ त्या छोट्या चौकटीवर जाऊन थांबलं. वाचायला ती शिकलेली नव्हती.

थोडा वेळ ती मान कलती करून उभी राहिली, पलीकडच्या खोलीतलं ऐकावं तशी.

"उगी ऱ्हायनी," ती म्हणाली. "आते रडत नही शे."

तिने एका कानातला बोळा काढला, मग दुसऱ्यातला. ठेवायला जागा दिसेना, म्हणून जवळ मी उभी होते, माझ्या तळहातावर ठेवले.

दोन्ही ओलेचिंब होते, आणि त्यांना गाळाचा वास येत होता.